चौदा तास बसलात, पण अभ्यास किती झाला?

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांनी इमारतींचे मजलेच्या मजले व्यापले आहेत. प्लायवूडचे आडोसे केलेली टेबलं, प्रत्येकाची ठरलेली जागा, स्टेट बोर्डाच्या पुस्तकांची चळत, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आणि डोळ्यांसमोर चिकटवलेलं वेळापत्रक. बीड, नांदेड, यवतमाळ, नंदुरबार, कुठून कुठून मुलंमुली येतात. घरून येणारे पैसे खोलीचं भाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी यातच संपतात. संध्याकाळी चहाच्या टपरीवर ही मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास निघतो : आज किती तास झाले? कुणी दहा सांगतं, कुणी बारा. चौदा सांगणाऱ्याकडे सगळे आदराने बघतात.

माझ्या मते गाडी घसरते ती या प्रश्नापासून. खुर्चीत किती वेळ गेला हे घड्याळ सांगतं, डोक्यात काय उरलं हे सांगत नाही. आणि गंमत अशी की वेळेचं नियोजन आणि अभ्यासाची उमेद या दोन वेगळ्या गोष्टी समजून आपण त्यांच्यावर वेगवेगळे उपाय शोधतो. एकीसाठी वेळापत्रक, दुसरीसाठी प्रेरणादायी भाषणांचे व्हिडिओ. प्रत्यक्षात दोन्हींची नाळ एकच आहे. आज कालच्यापेक्षा थोडं जास्त येतंय, हे स्वतःला दिसलं की उद्या बसावंसं वाटतं. ते दिसत नसेल तर कितीही भाषणं ऐकली तरी चौथ्या दिवशी पाय अभ्यासिकेकडे वळत नाहीत.

मग येतंय की नाही हे कळायचं कसं? इथे मानसशास्त्राचा एक प्रयोग फार मोलाचा आहे. अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना माहितीपर उतारे दिले. एका गटाने चार सत्रं उतारा वाचला. दुसऱ्या गटाने एकच सत्र वाचला आणि नंतर तीन वेळा, उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटलं. चारही सत्रं वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के.

या प्रयोगातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी बाब आकड्यांच्या पलीकडची आहे. आठवड्याने आपल्याला किती आठवेल, असं विद्यार्थ्यांना आधी विचारलं होतं. जास्त वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास जास्त होता. पुन्हा पुन्हा वाचल्याने ओळी ओळखीच्या होतात आणि ओळखीचं झालेलं आपल्याला आलेलं वाटतं. अभ्यासिकेत बारा तास पिवळ्या मार्करने ओळी रंगवणाऱ्या मुलाला रात्री छान अभ्यास झाल्याचं समाधान मिळतं ते असं. मग रविवारी टेस्ट सिरीजचा पेपर येतो, चार पर्यायांपैकी दोन सारखेच बरोबर वाटतात, गुण घसरतात, आणि एवढं बसूनही काही होत नाही, आपल्यात ती कुवतच नाही, असा निष्कर्ष तो काढतो. कुवतीचा इथे काहीच संबंध नसतो. चुकीची गोष्ट मोजली गेलेली असते.

एक उदाहरण घेऊन बघू. पंचायत राज हा राज्यसेवेच्या तयारीतला हक्काचा विषय. समजा सकाळी ७३वी घटनादुरुस्ती वाचली. चाळीस मिनिटं झाली. आता पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा आणि पंधरा मिनिटं लिहायचं. बहुतेकांची सुरुवात जोरात होते : दुरुस्ती १९९२ ची, अंमल २४ एप्रिल १९९३ पासून, राज्यघटनेत नववा भाग, कलम २४३ पासून पुढे, अकरावी अनुसूची, २९ विषय. महिलांना किमान एक तृतीयांश जागा. त्रिस्तरीय रचना. इथवर पेन पळतो. मग अडखळायला होतं. मधला स्तर सगळ्या राज्यांना बंधनकारक आहे का? काहीतरी लोकसंख्येची अट होती. वीस लाख की पन्नास लाख? राज्य वित्त आयोगाचं कलम कोणतं आणि राज्य निवडणूक आयोगाचं कोणतं? बलवंतराय मेहता समिती १९५७ ची हे पक्कं, पण वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून आलेला जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा १९६१ चा की १९६२ चा?

हे अडखळणं त्रासदायक असतं. कित्येक जण याच क्षणी पुस्तक उघडतात. तसं करू नये. दोन मिनिटं डोकं खाजवावं, सुचेल ते उत्तर लिहावं, त्यापुढे प्रश्नचिन्ह करावं आणि मगच पुस्तक उघडावं. वीस लाख. वित्त आयोग २४३-आय, निवडणूक आयोग २४३-के. कायदा १९६१ चा, अंमल १ मे १९६२ पासून, म्हणजे आपली दोन्ही सालं थोडीथोडी बरोबर होती. आता लाल पेनाने दुरुस्त केलेल्या या चार जागा म्हणजे आजच्या अभ्यासाचं खरं फलित. शोधून, झगडून मिळवलेलं उत्तर आयत्या वाचलेल्या उत्तरापेक्षा जास्त टिकतं. तो कागद फाडून टाकू नका, त्यावर तारीख घाला. आठवड्याने हाच विषय पुन्हा कोऱ्या कागदावर काढाल तेव्हा चारऐवजी एकच प्रश्नचिन्ह उरेल. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघण्यात जी उमेद आहे ती कोणत्याही वक्त्याच्या भाषणात नाही.

राज्यसेवेच्या बाबतीत तर याला आता पर्यायच नाही. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. गुणवत्तेत धरले जाणारे प्रत्येकी २५० गुणांचे सात पेपर, म्हणजे १७५० गुण, कोऱ्या पानावर स्वतःच्या शब्दांत लिहून मिळवायचे आहेत. ज्याने वर्षभर फक्त वाचलं, त्याचा लिहिण्याशी पहिला सामना परीक्षा केंद्रावरच व्हायचा.

आता आठवड्याने पुन्हा का? जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्मरणावरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या ते स्वतः पाठ करायचे आणि काही वेळाने त्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात हे मोजायचे. वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत होते, एका दिवसाने ३४, महिन्याने २१. विसरण्याचा मोठा घाला पहिल्याच दिवशी पडतो, नंतर त्याचा वेग मंदावतो. अर्थपूर्ण मजकूर निरर्थक अक्षरांपेक्षा पुष्कळ जास्त टिकतो, तरी उताराची ही तऱ्हा तीच राहते. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्या दिवशी, पुढची तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. नेमके दिवस किती, याचा बाऊ करायचं कारण नाही. अंतर वाढत गेलं पाहिजे आणि उजळणी पुस्तक मिटून झाली पाहिजे, एवढं पुरे. अभ्यासक्रम एकदा पूर्ण करतो आणि मग उजळणीला लागतो, हा बेत मी अनेकांकडून ऐकला आहे. अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत सुरुवातीचा भाग पुसला गेलेला असतो आणि नेमकी तेव्हाच परीक्षेची तारीख जाहीर होते.

वेळापत्रकाकडे येऊ. अभ्यासिकेतल्या कुठल्याही आडोशावरचं वेळापत्रक बघा. पहाटे पाच ते सात वृत्तपत्र, सात ते दहा इतिहास, साडेदहा ते दीड अर्थव्यवस्था, असं करत रात्री अकरापर्यंत. एकही मिनिट रिकामं नाही. यात जेवायला रांग लागणं नाही, गावाहून आईचा फोन येणं नाही, ताप येणं नाही, भारताचा क्रिकेट सामना तर नाहीच. असं वेळापत्रक पहिल्या दिवशीच मोडतं. मोडलं की अपराधी वाटतं, आणि मग सोमवारपासून नवीन वेळापत्रक.

असं होण्यात मुलांच्या आळशीपणाचा भाग फार थोडा आहे. स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमी धरणं हा माणसाच्या विचारपद्धतीतलाच दोष आहे. डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७० च्या दशकात त्याला नाव दिलं. पुढे रॉजर बुहलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध कधी पूर्ण होईल? सरासरी अंदाज आला ३४ दिवसांचा. सगळंच बिनसलं तर? तेव्हा म्हणाले ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी लागले ५५ दिवस. म्हणजे सगळं बिनसेल असं धरून केलेला अंदाजही अपुरा पडला.

यावरचा उतारा असा की अंदाज मनाने बांधू नये, मागच्या नोंदीवरून बांधावा. मागच्या महिन्यात आधुनिक भारताचं एक प्रकरण वाचून, लिहून, तपासून व्हायला खरोखर किती वेळ लागला? दोन तास वाटलं होतं आणि साडेतीन लागले, तर पुढच्या प्रकरणाला साडेतीनच धरायचे. आठवड्यात सहा दिवसांचं काम आखावं आणि सातवा दिवस मुद्दाम मोकळा ठेवावा. तो आरामासाठी नाही, आधीच्या सहा दिवसांत जे सांडलं ते भरून घेण्यासाठी. काही सांडलंच नसेल तर मग खुशाल फिरायला जावं. आणि रकान्यात फक्त ‘इतिहास’ असं लिहू नये. ‘१८५७ चा उठाव : कारणं कोऱ्या कागदावर, मागच्या वर्षांचे पंधरा प्रश्न’ असं लिहावं. इतिहास कधीच संपत नाही, पंधरा प्रश्न संपतात. संपलेल्या कामावर रेघ मारता येते.

रोजचे तास किती, हे विचारल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही, म्हणून एक दाखला देतो. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन वादकांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वात सरस वादक एकट्याने करायचा रियाज दिवसाला सरासरी साडेतीन तास करत होते, तोही टप्प्याटप्प्याने, मध्ये विश्रांती घेऊन. शिवाय ते दुपारी डुलकी काढत आणि कमी सरस वादकांपेक्षा झोपतही जास्त. स्पर्धा परीक्षेचा पसारा मोठा आहे, साडेतीन तासांत तो आवरणार नाही हे खरं. पण मन पूर्ण लावून, आठवून लिहिण्याचं काम दिवसात चार-पाच तासांपलीकडे फारसं कुणाला जमत नाही. ते तास सकाळच्या ताज्या डोक्याला द्यावेत. वृत्तपत्र, नकाशे, नोट्सची आवराआवर, अशी हलकी कामं मेसमधून जेवून आल्यानंतरच्या सुस्त वेळेत ढकलावीत. सोळा तास अभ्यास केल्याचं सांगणाऱ्या यशस्वी उमेदवारांच्या मुलाखतींनी या मुलांचं फार नुकसान केलं आहे, असं मला मनापासून वाटतं. झोप तोडून अभ्यास करणाऱ्याच्या हातून तर दिवसभराची मिळकतच निसटते. वाचलेलं मेंदूत पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. शिकल्यानंतर झोप मिळाली तर विसरणं कमी होतं, हे जेनकिन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवलं होतं.

तरीही टाळाटाळ होतेच. सगळं कळतं, पुस्तक समोर असतं, आणि हात मोबाइलकडे जातो. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातले टिमोथी पिचिल आणि त्यांच्या सहकारी फ्युशिया सिरोइस यांनी २०१३ मध्ये मांडलं की टाळाटाळ ही वेळेच्या नियोजनापेक्षा भावना आवरण्याची अडचण आहे. पूर्व परीक्षेतल्या सीसॅट या कल चाचणीच्या पेपरातलं गणित समोर आलं की भीती वाटते, आपण मागे पडल्याची जाणीव टोचते. मोबाइल उघडला की ती टोचणी पाच मिनिटं थांबते. आपण गणितापासून पळत नसतो, त्या टोचणीपासून पळत असतो.

हे एकदा ध्यानात आलं की उपाय सोपे होतात. भीती मोठ्या कामाची असते, म्हणून पहिलं पाऊल हास्यास्पद वाटेल इतकं लहान ठेवायचं : सीसॅटचा एकच उतारा, गणिताचे दोनच प्रश्न. सुरुवात झाली की पुढचे दहा प्रश्न बहुधा आपोआप होतात. मन लागलं की बसू, असं म्हणणारे वाटच बघत राहतात. आधी बसावं लागतं, मन मागून येतं. फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं यंत्र लावून २५ मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती अशी पद्धत बसवली. तिची भुरळ जगभर पडली, कारण २५ मिनिटांची कुणाला भीती वाटत नाही.

दुसरा उपाय, कधी आणि कुठे हे आधीच बांधून टाकणं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने जर्मनीतल्या विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा वृत्तान्त ४८ तासांच्या आत लिहायला सांगितला. निम्म्यांना तो नेमका कधी आणि कुठे बसून लिहिणार हेही आधी ठरवून ठेवायला लावलं. त्यांच्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त जणांनी तो मुदतीत लिहिला, बाकीच्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास राहिलं. ‘उद्या सीसॅट करीन’ यापेक्षा ‘सकाळचा चहा पिऊन जागेवर आलो की पहिला उतारा सोडवीन’ हे वाक्य जास्त काम करतं. मोबाइल मात्र त्याआधी लॉकरमध्ये गेला पाहिजे. एका कामातून दुसऱ्यात शिरताना लक्षाचा काही भाग मागच्याच कामात अडकून राहतो, हे सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं. एक संदेश बघायला दहा सेकंद लागतात, पण मन त्यातून मोकळं व्हायला त्याहून कितीतरी जास्त.

आणि बुडालेल्या दिवसाचं काय? तो येणारच. बहिणीचं लग्न, घरचं आजारपण, किंवा नुसताच उठवत नाही असा एखादा दिवस. पिचिल यांनी मायकेल वोल यांच्यासोबत २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास सांगतो, की पहिल्या परीक्षेच्या वेळच्या टाळाटाळीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ कमी केली. स्वतःला बोल लावत बसलं की पुस्तक बघितलं तरी तोच अपराध आठवतो आणि पुस्तकच टाळलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांनी २०१० मध्ये सवयींवर केलेलं संशोधनही दिलासा देणारं आहे. नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे बुडालेला दिवस सोडून द्यावा. त्याचे तास दुसऱ्या दिवसावर चढवू नयेत.

इथवर जे सांगितलं ते विद्यार्थ्याच्या हातातलं. या परीक्षांत बरंच काही त्याच्या हातात नसतंच. जाहिरात कधी निघेल, परीक्षा किती वेळा पुढे ढकलली जाईल, निकाल न्यायालयात अडकेल का, नेमणूकपत्र कधी मिळेल. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत. पूर्व परीक्षेत अर्ध्या गुणाने कटऑफ हुकलेल्या मुलीला उमेद टिकव म्हणून सांगणाऱ्याने आधी तिच्याजवळ थोडा वेळ बसावं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या आतून येणाऱ्या उमेदीला तीन गोष्टी लागतात असं मांडलं आहे : निर्णय आपला आहे ही जाणीव, आपल्याला जमतंय ही जाणीव आणि आपली माणसं सोबत असणं. निकाल हातात नसताना या तिन्ही गोष्टी मुद्दाम जपाव्या लागतात. चौघांचा एक गट करावा, रोज संध्याकाळी अर्धा तास एकमेकांना तोंडी प्रश्न विचारावेत. यात उजळणी होते आणि सोबतही मिळते. तास विचारणाऱ्यांच्या घोळक्यापेक्षा कलम विचारणारा मित्र जवळ करावा.

शेवटचा विषय अवघड आहे आणि अभ्यासिकेत तो कुणी काढत नाही : किती वर्षं? महाराष्ट्रात वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, त्यामुळे आणखी एक प्रयत्न नेहमीच शिल्लक दिसतो. म्हणून ही मर्यादा लोकसेवा आयोगावर सोपवू नये, आपली आपण ठरवावी. तीही निकालाच्या रात्री ठरवू नये, तेव्हा कोणताही निर्णय दुखऱ्या मनाने होतो. परीक्षा संपून निकाल यायचा असतो त्या मधल्या दिवसांत गावी जावं, आईवडिलांना समोर बसवून खर्च आणि वर्षं दोन्ही मोकळेपणी सांगावीत, दुसरी वाट कोणती हेही बोलावं. राज्यसेवेच्या तयारीवर उपनिरीक्षक, सहायक कक्ष अधिकारी, राज्य कर निरीक्षक, तलाठी या परीक्षा देता येतात. पदवीच्या विषयातली नोकरी, शिकवणं, गावातला व्यवसाय, यांचीही चौकशी त्याच खेपेत करून यावी. दुसरी वाट माहीत असलेला उमेदवार परीक्षेच्या सभागृहात जास्त मोकळ्या डोक्याने पेपर सोडवतो. पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरला दोन तासांत शंभर प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात तिथे माहीत नसलेला प्रश्न सोडून पुढे जाण्याइतकं डोकं शांत असावं लागतं.